कबुलीची शिकवणी

अख्खं कोर्ट तिला मावशी म्हणायचं. पट्टेवाला, वकील, पोलीस, कँटीनचा चहावाला, पुन्हा पुन्हा नव्या गुन्ह्यात सापडणारे तेच ते चोर, सगळ्यांची ती मावशी. सख्खा भाचा मी एकटा, आणि मला मात्र कोर्टाच्या आवारात ती ओळखही दाखवायची नाही. कामाच्या जागी नातं आणायचं नाही, असा तिचा नियम होता. माझं टायपिंगचं आणि झेरॉक्सचं दुकान कोर्टाच्या फाटकासमोरच. सकाळी ती दुकानावरून जायची ती सरळ समोर बघत, काळ्या कोटाची तिन्ही बटणं लावून. संध्याकाळी तोच कोट हातावर टाकून दुकानात शिरायची आणि म्हणायची, "पाणी दे रे, घसा बसलाय."

घसा बसणारच. मावशी दुभाषी होती. साक्षीदाराच्या पिंजऱ्याशेजारी उभं राहायचं, तो आमच्या भाषेत जे बोलेल ते कोर्टाच्या भाषेत न्यायाधीशांना सांगायचं, आणि न्यायाधीश विचारतील ते उलट वाटेने साक्षीदाराला. यात दुभाष्याने 'तो म्हणतो' असं म्हणायचं नसतं. साक्षीदार 'मी' म्हणाला की दुभाष्यानेही 'मी'च म्हणायचं. त्यामुळे आमच्या मावशीने आयुष्यात काय काय केलं होतं विचारू नका. नवऱ्यावर विषप्रयोग केला होता, दोनदा लग्नं केली होती, पोलिसावर दगड फेकला होता, भर बाजारात मिशांवर ताव मारून शिव्या दिल्या होत्या. हे सगळं ती एकाच पट्टीत, चेहऱ्यावरची रेषही न हलवता सांगायची. काका होते तेव्हा रोज संध्याकाळी विचारायचे, "आज काय उद्योग केलेस?"

"सकाळी एक घर फोडलं. दुपारी भावाची जमीन बळकावली."

"मग दमली असशील. बस, मी चहा टाकतो."

कोर्टात पहिल्यांदा उभी राहिली तेव्हा ती विशीत होती आणि देशावर परक्यांचं राज्य होतं. न्यायाधीशही परका. त्याला आमच्या भाषेतलं खरंच काही कळत नसे, म्हणून दुभाषी हवा, इथपर्यंत सगळं समजण्यासारखं आहे. पुढे परके बोटीत बसून निघून गेले. झेंडा बदलला, भिंतीवरची तसबीर बदलली, खुर्चीत आमच्यातलीच माणसं येऊन बसली. कोर्टाची भाषा मात्र परक्यांचीच राहिली, कारण कायद्याची पुस्तकं त्या भाषेत होती आणि ती दुसऱ्या भाषेत नेण्याचे कष्ट कोण घेणार. मग सुरू झाला तो तमाशा मी लहानपणापासून पाहिला. साक्षीदार आमच्या भाषेचा, वकील आमच्या भाषेचे, न्यायाधीश मागच्या गल्लीत वाढलेला, आणि तरी मध्ये मावशी. साक्षीदार काहीतरी मजेशीर बोलला की अख्खं दालन हसायचं. न्यायाधीश तेवढे गाल आत ओढून बसायचे. मावशी ते परक्यांच्या भाषेत सांगायची आणि मग कुठे साहेब हसायचे. कळलेलं हसू तोंडात धरून ठेवणाऱ्या त्या थोराड माणसांची मला तेव्हा गंमत वाटायची. आता आठवलं की शिसारी येते.

मावशीला मात्र यात काही वावगं वाटत नव्हतं. उलट तिला भारी अभिमान होता. कोर्टात कोणी तिला 'तुम्हाला काय वाटतं' असं विचारलं तर ती म्हणायची, "मला वाटून घेण्याचा पगार मिळत नाही." एवढ्या वर्षांत दुसऱ्याच्या तोंडात आपला एक शब्द घातला नाही, हे ती येता-जाता ऐकवायची. स्वभावाने म्हणाल तर हेकट, शिष्ट, आणि उच्चारांच्या बाबतीत असह्य. जेवताना मी एखादा शब्द चुकीचा उच्चारला तर माझा घास तोंडाशी थांबवून ती तो दुरुस्त करून घ्यायची. पण तिच्या शब्दावर अख्खं गाव विश्वास टाकायचं. मावशी उभी आहे म्हणजे आपलं म्हणणं जसंच्या तसं वर पोहोचणार, एवढं फाटक्यातल्या फाटक्या माणसाला ठाऊक होतं.

मग राजधानीतल्या लोकांना स्वाभिमान आठवला. परक्यांची भाषा हटवायची, आपली आणायची. चांगलं आहे, आम्हीही टाळ्या वाजवल्या. पण 'आपली' म्हणजे राजधानीची निघाली. तिचं नाव झालं राजभाषा, आणि आमच्या गावात ती शुद्ध बोलू शकणारी माणसं एका खोलीत मावली असती. मंत्री आले, मैदानावर भाषण झालं. पुढच्या रांगेतले अधिकारी टाळ्या वाजवायचे तेव्हा मागच्या लोकांना कळायचं की टाळीची जागा आली. मी दुकानात नव्या भाषेचे कीबोर्ड आणले आणि जुने अर्ज नव्याने टाइप करून देऊ लागलो. माझा धंदा वाढला, ते सोडा.

या सगळ्यात एक घोळ झाला आणि तो असा, की असा घोळ घालायला फार शिकलेली माणसं लागतात. नव्या कायद्याने दुभाष्यांची पदं रद्द केली. स्वतंत्र देशात माणसाला स्वतःच्या कोर्टात दुभाषी कशाला, ती तर परक्यांच्या गुलामीची खूण. पण साक्षीच्या कायद्यातलं जुनं कलम तसंच राहिलं. ज्याला कोर्टाची भाषा येत नाही त्याचा जबाब अधिकृत दुभाष्यामार्फतच नोंदवावा, न्यायाधीशाने स्वतः अर्थ लावू नये. दुभाषी नाही, आणि दुभाष्याशिवाय जबाब नाही. दोन्ही कागदांवर एकाच खात्याचे शिक्के होते.

मावशीचा निरोप समारंभ झाला. वरून आलेल्या अधिकाऱ्याने राजभाषेत भाषण केलं की आज गुलामीच्या साखळीची शेवटची कडी तुटली. मावशीला ती भाषा अधिकाऱ्यापेक्षा बरी येते. तिने भाषण शांतपणे ऐकलं, भेट म्हणून दिलेलं भिंतीवरचं घड्याळ घेतलं आणि घरी आल्यावर कोट खुंटीला लावत मला म्हणाली, "मला कडी म्हणाला तो."

ती राहायची बेकरीच्या वरच्या दोन खोल्यांत. खालची भट्टी पेटली की फरशी कोमट व्हायची आणि कपड्यांना, पुस्तकांना, अगदी उशीलासुद्धा पावाचा वास यायचा. शेजारच्या घरात दोन भाऊ वाढले. त्यातला धाकटा मावशीकडेच पडून असायचा. शाळेतून आला की पाव खायला, अभ्यासाला, आई ओरडली की लपायला. ती त्याला धाकट्या म्हणायची, तो तिला काकू. पुढे तो कायदा शिकला, परीक्षा देत देत वर चढला आणि नवी भाषा आली त्याच सुमारास आमच्याच कोर्टात न्यायाधीश होऊन आला.

त्याच्यासमोर लॉजमधल्या धोबिणीचा खटला आला. बसस्टँडजवळच्या लॉजमध्ये ही बाई चादरी आणि उशांचे अभ्रे धुवायची. नवरा वारला होता, चार वर्षांची एक मुलगी होती. एका गिऱ्हाइकाचं मनगटी घड्याळ हरवलं आणि ते या बाईच्या हातात सापडलं. मॅनेजरने पोलीस बोलावले. पोलिसांनी राजभाषेत काहीतरी लिहिलं, खाली तिचा अंगठा घेतला. गिऱ्हाईक घड्याळ मनगटावर चढवून दुसऱ्या दिवशी गाव सोडून गेलं. बाई तुरुंगात गेली. जामीन राहायला तिच्यामागे कोणी नव्हतं, कारण तिच्या ओळखीचा एकमेव पैसेवाला माणूस तो लॉजचा मॅनेजर.

पहिल्या तारखेला मी दालनात होतो. तिला विचारलं, गुन्हा कबूल आहे का. शेजारच्या शिपायाने तिला ढोसलं, बोल. ती बोलली, आमच्या भाषेत, दालनातल्या झाडून सगळ्यांच्या भाषेत.

"घड्याळ चादरीत गुंडाळलेलं आलं. मी चादर पाण्यात टाकली तेव्हा हाताला लागलं. मॅनेजरकडे द्यायलाच निघाले होते. भिजू नये म्हणून आधी पदराने पुसत होते, तेवढ्यात ते आले."

सरकारी वकिलाने मान खाली घातली. कारकुनाची लेखणी थांबली. न्यायाधीश, म्हणजे आमचा धाकट्या, तिच्याकडे बघत होता, तो कारकुनाकडे वळला आणि राजभाषेत म्हणाला, "आरोपी कोर्टाच्या भाषेत बोलत नाही. दुभाषी?"

"पद रद्द झालंय, साहेब."

"पुढची तारीख."

असं पुन्हा झालं, आणि पुन्हा झालं. एका तारखेला ती तेच सगळं हळूहळू आणि मोठ्याने बोलली, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. धाकट्या पंख्याकडे बघत बसला. मी बाहेर येऊन दुकानाच्या पायरीशी थुंकलो.

त्या पायरीवर धोबिणीची थोरली जाऊ बसलेली असायची, मांडीवर ती पोर घेऊन. दर तारखेला आत काय झालं ते मी सांगायचो आणि दर तारखेला तेच सांगायचो. एकदा ती म्हणाली, "दादा, माझ्या मालकांना बंदरावर काम लागलंय. महिनाअखेर आम्ही निघणार. तिथे एका खोलीत आमचीच पाच डोकी. हिला कुठे घेऊन जाऊ? बालगृहवाले येऊन नाव लिहून गेलेत." पोर बिस्किटाचा कागद घडी घालत होती. महिना संपायच्या आत आई बाहेर आली तर आई, नाही तर बालगृह. एवढं सगळं त्या एका जबाबावर टांगलेलं होतं, आणि तो जबाब सगळ्यांनी ऐकलेला होता.

मी मावशीला जाऊन म्हटलं, तू चल. ती आधी नाही म्हणाली. "मला अधिकार नाही." मी म्हटलं, "अधिकार गेला चुलीत. ती पोर बालगृहात जाईल." पुढच्या तारखेला ती काळा कोट घालून आली. पुकारा झाला तसा चालत जाऊन आपल्या जुन्या जागेवर, पिंजऱ्याशेजारी उभी राहिली. धोबीण तिच्याकडे बघून हसली. तुरुंगात गेल्यापासून ती बहुधा पहिल्यांदाच हसली असावी.

धाकट्याने राजभाषेत विचारलं, "आपण कोण?"

ज्या बाईच्या खोलीत बसून हा पाढे शिकला, तिला हा विचारतो आपण कोण.

"दुभाषी म्हणून उभी आहे, साहेब."

"असं पद अस्तित्वात नाही. आपण प्रेक्षकांच्या बाकावर बसावं."

मावशी बाकावर जाऊन बसली. धोबिणीला झालं काय ते कळेना, ती पिंजऱ्यातून वाकून वाकून मावशीकडे बघत राहिली. पुढची तारीख पडली. आवारातून येताना मावशीने पहिल्यांदाच माझा हात धरला, सगळ्यांदेखत. कोटाची तिन्ही बटणं लावलेली होती आणि ती घामाने निथळत होती.

त्याच संध्याकाळी धाकट्या बेकरीवरच्या खोलीत आला. दारात चपला काढल्या, आपलं नेहमीचं कोपऱ्यातलं स्टूल ओढलं. मी तिथेच होतो. मावशीने त्याला चहा आणि बिस्किटं दिली, कारण सवय. तो आमच्या भाषेत बोलत होता, अगदी गल्लीतल्यासारखा.

"काकू, रागावू नका. तिथे मला तुम्हाला ओळखता येत नाही."

"ती बाई काय म्हणते ते तरी कळतं का?"

"पहिल्या तारखेलाच कळलं. खरं बोलतेय ती."

"मग सोड तिला."

"कशावरून सोडू? कागदावर तिचं एक अक्षर नाही. कोर्टाच्या दृष्टीने ती अजून काही बोललेलीच नाही. मी वर लिहिलं होतं. उत्तर आलं की राजभाषा न समजणारा नागरिक अशी कुठलीही वर्गवारी आता उरलेली नाही."

मग तो पुढे वाकला आणि म्हणाला की एक मार्ग आहे. पहिला गुन्हा, वस्तू परत मिळालेली. तिने राजभाषेत गुन्हा कबूल केला तर आत काढलेले दिवस शिक्षेत धरून त्याच दिवशी सोडता येईल. कबुलीला दुभाषी लागत नाही, पुरावा लागत नाही. एक वाक्य, आणि त्याने विचारलं की एक 'हो'. तेवढं तिला कोणीतरी शिकवायला हवं. भेटीची परवानगी कोर्टाने तिला नेमून दिलेल्या वकिलाकडून मिळेल.

"आणि तिने घड्याळ चोरलं नसेल तर?" मावशीने विचारलं.

"नाहीच चोरलेलं," तो म्हणाला आणि बिस्कीट चहात बुडवून त्याने तोंडात टाकलं.

मावशी त्याच्याकडे बघत होती. म्हणाली, "लहानपणी खोटं बोललास की तुझे कान लाल व्हायचे. आता होत नाहीत." तो कसनुसं हसला, चहा संपवला, जाताना भट्टीतला गरम पाव बांधून घ्यायला विसरला नाही. त्याने प्यायलेला कप मी विसळला नाही, कचऱ्यात टाकला. मावशी खेकसली, "सेटमधला होता तो."

दुसऱ्या दिवशी आम्ही तुरुंगात गेलो. भेटीच्या खोलीत मध्ये जाळी, अलीकडे एक बाक, पलीकडे एक बाक. भिंतीवर बोर्ड, 'राजभाषेतच बोला', आणि बोर्डाखाली उभी असलेली पहारेकरीण आमच्या भाषेत फोनवर भावजयीशी भांडत होती. मावशीने धोबिणीला फसवलं नाही. तिने आधी अर्थ सांगितला.

"तुला एक वाक्य पाठ करायचंय. त्याचा अर्थ आहे, मी चोरी केली."

"पण मी केली नाही, बाई."

"मला माहीत आहे."

"साहेबांना नाही माहीत?"

"त्यांनाही माहीत आहे."

धोबिणीने जाळीत बोटं अडकवली. तिच्या बोटांची कातडी साबणाने सोललेली, ती अजून भरली नव्हती. "मग तुम्ही सगळे असं का करताय?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, तिला खरंच कळत नव्हतं. मावशीने कोटाचं बटण सोडलं, पुन्हा लावलं.

"पोर मिळेल?" धोबिणीने विचारलं.

"त्याच दिवशी."

"लांब आहे का वाक्य?"

नव्हतं लांब. तिला पटकन आलं. पण मावशी ती मावशीच. एका अक्षरावर जीभ नीट टेकत नव्हती म्हणून तिने ते पुन्हा म्हणायला लावलं, परत एकदा, परत एकदा. जाळीपलीकडून ती बाई 'मी चोरी केली, मी चोरी केली' म्हणतेय आणि अलीकडून मावशी मान हलवतेय, असं नाही, असं. त्या वेळी मला मावशीचाही राग आला. बाहेर आल्यावर मी तसं बोललोही. ती म्हणाली, "उच्चार चुकला तर तो नोंदवून घेणार नाही. मग काय करशील?" खरं होतं. म्हणून तर जास्त चीड आली.

तारखेला धोबीण पिंजऱ्यात उभी राहिली आणि तिने ते वाक्य म्हटलं. स्वच्छ, खणखणीत. धाकट्याने विचारलं, समजून-उमजून कबुली देता का? ती म्हणाली, हो. त्याने कारकुनाला मजकूर सांगितला: आरोपीस राजभाषा उत्तम अवगत असून तिने दुभाष्याच्या मदतीशिवाय स्वखुशीने गुन्हा कबूल केला. सरकारी वकील हसऱ्या चेहऱ्याने तिला म्हणाला, "छान बोललात." संध्याकाळी तुरुंगाच्या दारातून बाई बाहेर आली. जावेने पोर तिच्या कडेवर दिली. पोर आधी बिचकली, मग आईच्या मानेत तोंड खुपसून बसली. ते बघून मलाही बरं वाटलं. बरं वाटलं याचीही नंतर लाज वाटली.

आमच्याकडे एक गोष्ट एकदा जमली की तिची पद्धत होते. आठवड्याच्या आत वकील मंडळी बेकरीवरचा जिना चढू लागली. तुरुंगात असे अडकलेले बरेच होते. कोणावर सायकल पळवल्याचा आळ, कोणावर मारामारीचा, एकावर तर कोंबडीचा. मावशीने पहिल्या वकिलाला दारातून हाकललं. मग त्या माणसांच्या बायका, आया, बहिणी येऊन जिन्यावर बसल्या. त्यांना कसं हाकलणार? मावशी पुन्हा कोट घालून तुरुंगात जायला लागली. ज्यांनी गुन्हा केला होता त्यांनाही तेच वाक्य, ज्यांनी केला नव्हता त्यांनाही तेच. अडकलेले खटले भराभर निकाली निघाले. वर अहवाल गेला की या जिल्ह्यात राजभाषेचा प्रसार समाधानकारक आहे. भाषा खात्याची दोन माणसं गुळगुळीत कागदावरचं प्रशस्तिपत्र घेऊन मावशीच्या घरी आली, फोटो काढला. मावशीने कागद घेतला आणि ती दारातच उभी राहिली. हाकललेला तो वकील सोडला तर तिच्या घरून चहा न घेता गेलेली ती पहिली माणसं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी धोबीण आली, पोरीला घेऊन. लॉजने तिला परत घेतलं नव्हतं. दुसऱ्या लॉजने पोलिसांचा दाखला मागितला, दाखल्यावर चोरी. इस्पितळाच्या धुलाईखान्यात जागा होती, तिथेही तेच. नळावर बाया बादल्या उचलून घेतात, ती आली की. हे सगळं तिने तक्रार केल्यासारखं सांगितलं नाही. मावशीने पुढे केलेला पाव पोरीच्या हातात दिला आणि म्हणाली, "बाई, तुम्ही मला एक वाक्य शिकवलंत. आता दुसरं शिकवा. 'मी चोरी केली नाही' हे त्या भाषेत कसं म्हणतात?"

मावशी उठून खिडकीशी गेली. मला वाटलं ती रडतेय, पण वळली तेव्हा डोळे कोरडे होते. तिने ते वाक्य सांगितलं, धोबिणीने म्हटलं. एका ठिकाणी जीभ अडखळली. या वेळी मावशीने ते दुरुस्त केलं नाही. धोबिणीनेच स्वतःला थांबवून ते पुन्हा नीट म्हटलं.

दुसऱ्या दिवशी कोर्ट भरायच्या वेळी ती पायऱ्यांशी उभी होती. मावशी शेजारी, पोरीचं बोट धरून. कोट घातला नव्हता. मी दुकान उघडं टाकून गेलो. धाकट्याची गाडी आली, पट्टेवाल्याने दार उघडलं, वकील बाजूला सरले. धोबीण पुढे झाली आणि सगळ्यांसमोर तिने ते वाक्य राजभाषेत म्हटलं. एकही अक्षर चुकलं नाही.

तो थांबला. मावशीकडे बघायचं त्याने टाळलं. कोर्टाच्या आवारात तो आमच्या भाषेत बोललेला मी कधी ऐकला नव्हता, त्या दिवशी ऐकला. अगदी गल्लीतल्यासारखं, हळू आवाजात तो धोबिणीला म्हणाला, "बाई, आता त्याचा काही उपयोग नाही."

आणि तो पायऱ्या चढून आत गेला. तो काय म्हणाला ते तिला समजावून सांगावं लागलं नाही.